एकवीस इंचांची गाडी

...आणि वर मला म्हणतो काय, "मॅडम, सीट काय बघताय, स्क्रीन बघा!" आता तुम्हीच सांगा, सासूला काय स्क्रीनवर बसवू? नाही, बोला ना! स्क्रीन दहा इंची असो नाहीतर वीस इंची, म्हातारी बसणार सीटवरच ना? आणि बसायचं काय हो... बसेल कुणीही. उठता येतं का, ते सांगा!

तीन आठवडे, तुम्हाला सांगते, मी शोरूमच्या पायऱ्या झिजवल्या. गाडी घ्यायची म्हणून. छोटी. मोठी घ्यायला आमच्या गल्लीत ती मावली पाहिजे, आणि आम्हाला झेपली पाहिजे. मी बाई चौथी शिकलेली, शिवणाचं दुकान चालवते. बायकांचे कपडे नवीन शिवते, पुरुषांचे फक्त आल्टर करते. पुरुष काही आल्टर होत नाहीत, निदान कपडे तरी. तर माझ्या गळ्यात इंची टेप कायम असते, झोपताना तेवढी काढते. ती गळ्यात घालूनच मी शोरूममध्ये शिरायचे आणि तिथली पोरं एकमेकांकडे बघून डोळे फिरवायची. फिरवा! माझ्या टेपला लाज नाही आणि मलाही नाही.

हे सगळं कशापायी, ते सांगते. आमच्या सासूबाई. वय ब्याऐंशी. गेल्या वर्षी न्हाणीत घसरल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. खुबा नवा, गुडघा जुना, अशी गत. डॉक्टरांनी बजावलं, "आजी, खोल सोफ्यात बसायचं नाही. गुडघा खुब्याच्या वर गेला की गडबड." मग मी काय केलं? खुर्ची घेतली आणि तिच्या पायांखाली लाकडी ठोकळे सारत बसले, अर्धा अर्धा इंच. वीस इंचांवर बसवलं, हात द्यावा लागला. साडेवीस... "अगं आई गं" करत उठल्या. एकवीस! उठल्या, कुणाचा हात न धरता उठल्या, आणि उठून मलाच म्हणतात, "बघतेस काय, चहा ठेव." त्या दिवसापासून आमच्या घरात खुर्ची एकवीस, पलंग एकवीस, संडाससुद्धा एकवीस. तेवीसच्या वर गेलं तर पाय लोंबतात, एकवीसच्या खाली गेलं तर बाई अडकते. घर झालं, पण घराबाहेरचं जग काय मला विचारून शिवलंय?

झालं काय, ऑपरेशननंतर दाखवायला न्यायचं होतं. खालच्या मजल्यावर प्लंबर राहतो, माणूस देवासारखा, म्हणाला, "वहिनी, माझी गाडी आहे, सोडतो." सासूबाई बसल्या. म्हणजे बसल्या कसल्या, पडल्या. धप्पकन! दगड विहिरीत पडावा तशा आत गेल्या. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली आणि... उठता येईना. प्लंबर ओढतोय, वॉचमन ओढतोय, आमचे हे दुसऱ्या दारानं आत शिरून मागून रेटताहेत, कपडे पोटऱ्यांच्या वर गेलेत, आणि बघ्यांची ही गर्दी. एकानं तर फोन वर धरला! त्याचा फोन मी खाली पाडला, ते सोडा. पण सासूबाईंनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आयुष्यभर ज्या बाईनं कुणाला ऐकवायचं बाकी ठेवलं नाही, ती बाई गप्प! संध्याकाळी एकदम म्हणाल्या, "बसायचं काय गं, बसेल कुणीही. उठता आलं पाहिजे."

बस्स. तेव्हापासून अकरा महिने उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. खिडकीतून जग बघतात. डॉक्टर घरी येतो, केस कापणारी घरी येते. आणि मी आपली म्हणायचे, असू दे, खुर्ची आहे ना एकवीसची... पण मग धाकटीचा फोन आला.

धाकटी म्हणजे सासूबाईंची बहीण. दीड तासाच्या अंतरावर, लेकाकडे असते. तिला झटका आला, वाचा गेली. तरी रोज चारला फोन असतो. असतो म्हणजे कसा, आमच्या सासूबाई बोलतात आणि तिकडून नुसता श्वास. यांना त्या श्वासातून सगळं कळतं हो! फोन ठेवून सांगणार, "आज बरी आहे." "आज रुसलीय, जेवली नाही वाटतं." पण त्या दिवशी फोनवर धाकटीचा लेक होता. मला म्हणाला, "वहिनी, डॉक्टरांनी सांगितलंय, ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या. मावशीला आणा. लवकर आणा."

 

आमचे हे म्हणाले, "ॲम्ब्युलन्सनं नेऊ." सासूबाईंनी असं बघितलं की काय सांगू! "ॲम्ब्युलन्समधून उतरू तिच्या दारात? तिला वाटेल मीच आधी चालले! आणि मला आडवी न्याल? बहिणीला भेटायला का मी आडवी जाऊ?" बरं, टॅक्सी? "टॅक्सी मेली आणखी खाली असते." म्हणून गाडी. आपली. जिच्यातून उठता येईल अशी.

आता आमच्या ह्यांचं ऐका. ह्यांनी वही केली. रकाने आखले, रूळ लावून. एका बाजूला गाड्या, वरच्या बाजूला मायलेज, डिकी, एअरबॅग, पिकअप, रंग... "पिकअप कशाला हवा? तुम्हाला कुणी मागे लागलंय?" मी म्हटलं, "ह्यात आईंचा रकाना कुठाय?" वहीची पानं उलटताहेत, उलटताहेत... "अगं, तसा रकाना नसतो." नसतो? आई तुमची, वही तुमची, आणि रकाना नसतो?

तर पहिलं शोरूम. काचच काच, लादी इतकी गुळगुळीत की खुबा मोडायला वेगळं न्हाणीघर नको. तिथे एक टायवाला. दात सगळे दाखवत आला. गाडी काय, तर अशी चपटी, पुढून टोकदार, मागून फुगीर. मी तिचं नाव ठेवलं इस्त्री. टायवाला सुरू झाला, "मॅडम, लुक बघा, अग्रेसिव्ह लुक आहे!" म्हटलं, घरात एक मी आहे अग्रेसिव्ह, आणखी नको. दार उघडलं, टेप काढली, लादीपासून सीटपर्यंत... साडेसतरा! साडेसतरा इंच! "अहो, ही गाडी आहे का चटई?" तो म्हणतो, "मॅडम, स्पोर्टी सीटिंग आहे." म्हटलं, बसायचं काय रे बाबा, बसेल कुणीही. उठता येतं का? तर म्हणे, "मॅडम, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नाही." मग तेव्हाच त्यानं ते ऐतिहासिक वाक्य टाकलं, स्क्रीन बघा म्हणून. मी निघाले. आमचे हे मागे राहून स्क्रीन बघत होते, त्यांना दंडाला धरून काढलं.

दुसरं शोरूम. तिथे एक चुणचुणीत मुलगी होती, काडीसारखी. गाडी गोल डोळ्यांची, पोट जमिनीला टेकलेलं... बेडकी. मी काही आशा न ठेवता टेप लावली. आणि... एकवीस! पुन्हा लावली. एकवीस! सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही. डोळ्यांसमोर धाकटीचं दारच आलं. मुलगी म्हणाली, "ताई, बुक करायची का?" मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आमचे हे जाऊन सीटवर बसले. सीट काय म्हणाली असेल? फुस्स!

पस्तीस वर्षं शिवणकाम केलं मी! मला ज्यांनी शिवण शिकवलं त्या मावशी लाकडी पट्टीनं बोटांवर मारायच्या आणि म्हणायच्या, "हँगरचं माप घेतेस का गं? माणसाचं घे!" आणि मी काय केलं? रिकाम्या सीटचं माप घेतलं! अंग न घालता! ह्यांच्यासकट मोजलं तर एकोणीस. आता हे नव्वद किलोचे आणि सासूबाई भरल्या पोटी अठ्ठेचाळीस, ह्यांच्यावरून कसं ठरवणार? मी त्या मुलीकडे बघितलं. "बाळ, तुझं वजन किती?" ती लाजली. म्हटलं, लाजतेस काय, लग्नाचं विचारत नाहीये. "सत्तेचाळीस." "बस." बसवली. मोजलं. सव्वावीस.

पाऊण इंच! पाऊण इंचानं गेली हो!

ती मुलगी म्हणते, "ताई, पाऊण इंचानं असा काय फरक पडतो?" पाऊण इंचानं? अगं, पाऊण इंचानं बाही काखेत काचते आणि लग्नाला निघालेली बाई परत फिरते! पाऊण इंचानं माणूस अकरा महिने घरात बसतं! गरीब बिचारी म्हणाली, "मग उशी ठेवायची ना ताई." म्हटलं, ठेवून बघ. उशी ठेवली, तर उंची आली पण डोकं दाराच्या चौकटीला. बरं, उशी घसरते. म्हणजे उठताना बाई पुढे आणि उशी मागे. पुन्हा तोच तमाशा, वर उशी!

त्या दिवशी चारला फोन होता. सासूबाई बोलत होत्या, "येते गं, येते. सूनबाई गाडी बघतेय. तिची टेप आणि ती. येतेच." फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज श्वास हळू होता."

बाहेर दुकानात येऊन मशीनला दोरा ओवला, आठ वेळा ओवला, आठही वेळा चुकला.

तिसरं शोरूम. तिथेही एक टायवाला, पण जरा दमलेला, त्यामुळे माणसासारखा. गाडी म्हणजे उभा डबा. चार बाजू, चार चाकं, रूप म्हणाल तर शून्य. आमचे हे लगेच, "शी, डब्यासारखी दिसते." म्हटलं, डब्यात झाकण उघडलं की हात सरळ आत जातो, तुम्ही गप्प बसा. रिकामी तेवीस. आता मी शहाणी झाले होते. हिशोबाच्या टेबलावरच्या बाई बारीक होत्या, त्यांना उठवून आणून बसवलं. पावणेबावीस! पण मी हुरळले नाही. सीट झाली, पाय? दाराचा उंबरठा? तो गुडघा?

मग मी पिशवीतून लाकडी पट्टी काढली, फूटभराची. आणि कापडाची पट्टी. आणि तिथेच, शोरूमच्या मधोमध, उजव्या गुडघ्याला मागून पट्टी लावून करकचून बांधली. टायवाला धावत, "मॅडम, काय झालं पायाला?" म्हटलं, माझ्या नाही, सासूच्या पायाला झालंय. बाजूला व्हा. आणि बसले. आधी पाठ, मग एक पाय, मग पट्टीवाला पाय... आला आत! आता उठायचं. हात दाराला, पाय जमिनीला... उठले! पुन्हा बसले. पुन्हा उठले. सात वेळा! सगळं शोरूम बघतंय. एक जोडपं आपली गाडी बघायची सोडून मला बघतंय. त्यांना वाटलं असेल व्यायाम दाखवताहेत गाडीबरोबर.

आणि मग एक काठीवाले आजोबा पुढे आले. त्यांचा मुलगा दुसऱ्या गाडीत स्क्रीनवर बोटं फिरवत बसला होता. आजोबा हळूच मला म्हणतात, "ताई, तुमचं झालं की मी जरा बसून बघू?" बसले. उठले. आणि त्या मुलाकडे असं बघितलं! म्हणाले, "दोन महिने गाड्या बघतोय हा. मला कुणी विचारलंच नाही." अहो, कोण विचारणार! बसायचं सगळे सांगतात. उठायचं कोण सांगतो?

टायवाला म्हणाला, "मग फायनल करूया?" म्हटलं, नाही. जिचे कपडे, तिची ट्रायल. माझ्या अंगावर बसलं ते माझ्या अंगावर बसलं. गाडी घरी पाठवा.

मंगळवारी अकराला गाडी दारात. आणि सासूबाई खुर्चीतून हलायला तयार नाहीत! "नको गं. पुन्हा तमाशा नको." मी म्हटलं, धाकटी? तर मान वळवली. मग तिकडेच बघत विचारतात, "खाली माणसं किती आहेत?"

बघितलं तर गाडी आली म्हणून अर्धी गल्ली जमलेली. मी खाली गेले आणि... तुम्हाला सांगते, माझा आवाज तुम्हाला माहीत आहे... म्हटलं, सगळ्यांनी तिकडे तोंड करा! प्लंबर, तू भिंतीकडे. समोरच्या काकू, तुम्ही खिडकी लावा. टायवाले, तुम्ही पण फिरा. तो म्हणाला, "मॅडम, मी तर गाडी दाखवायला..." फिरा! आमचे हे म्हणाले, "मी तर मुलगा आहे!" म्हटलं, तुम्ही तर रेटलं होतंत, तुम्ही आधी फिरा! अशी सगळी गल्ली पाठमोरी उभी, जणू कुणी शिक्षा केलीय, आणि त्या पाठींच्या मधून आमच्या सासूबाई लिफ्टनं उतरून वॉकर टेकत टेकत आल्या. अकरा महिन्यांनी!

गाडीकडे असं बघितलं, जसं मला पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा बघितलं होतं. मग पाठ फिरवली, हात मागे टेकला, आणि बसल्या. धप्पकन नाही. बसल्या. डावा पाय आत. उजवा... आला. म्हटलं, "आई, आता उठा."

काही नाही.

"आई, उठा ना."

"थांब गं."

अगं थांब काय! अडकल्या. पुन्हा अडकल्या, आणि या वेळी माझ्या मापानं अडकल्या! सात वेळा उठले होते मी, पण माझं खोड निबर, त्यांचं काय? प्लंबरची मान हलायला लागली. "कुणी वळायचं नाही!" मी ओरडले, पण आवाज चिरकला. आणि सासूबाई काय करताहेत? वरची झडप खाली ओढून तिच्या आरशात केस नीट करताहेत! केस!

मग झडप मिटली. पाय बाहेर ठेवले, एक, दुसरा. हात दाराला. आणि उठल्या... जशा खुर्चीतून उठतात तशा. उभ्या! मला म्हणाल्या, "बघतेस काय?" मी बघत नव्हते हो, मला काही दिसतच नव्हतं, डोळ्यांत कचरा गेला होता दोन्ही.

परत बसल्या. परत उठल्या. चार वेळा! चौथ्यांदा बसल्या ते पट्टाच ओढला. "चला."

"कुठे?"

"धाकटीकडे."

टायवाला पाठमोराच म्हणाला, "आजी, टेस्ट ड्राइव्ह पाच किलोमीटरची असते."

"मग पाच-पाच करत ने."

त्यानं साहेबांना फोन लावला. साहेब नाही म्हणायला लागले, मग फोन मी घेतला. दोन मिनिटांत साहेब हो म्हणाले. काय बोलले ते विचारू नका, साहेबांनाही आई आहे एवढीच त्यांना आठवण करून दिली. जरा जोरात.

निघालो. टायवाला गाडी चालवतोय, शेजारी सासूबाई, मागे हे आणि मी. दीड तास. सगळ्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच, वेळेवर पोचू ना, ती ओळखेल ना, श्वास हळू होता म्हणाल्या होत्या... बाकी कशाकडे माझं लक्षच नव्हतं. पोचलो. धाकटीची खाट तळमजल्यावर, खिडकीला लागून. लेकानं तिला उशीला टेकवून बसवलं होतं. सासूबाईंनी खिडकीकडे बघितलं, पाय बाहेर ठेवले, आणि उठल्या. सरळ, ताठ. आणि खिडकीकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस? उभी आलेय."

धाकटीचे डोळे असे भरले! मला वाटलं, चला, जिंकलं. आता आपण उतरू आणि हात धरून नेऊ दोघींना एकत्र. मी पाय उचलला...

उचलेना!

अहो, त्या गुडघ्यासाठी पुढची सीट मी स्वतः पार मागे सरकवून दिली होती! पार शेवटच्या खाचेत! तिच्यामागे मी. माझे गुडघे हनुवटीला, कंबर खड्ड्यात, शेजारी नव्वद किलो. सगळ्या जगाची मापं घेणारी बाई, पुढच्या सीटचं घेतलं, दाराचं घेतलं, उंबरठ्याचं घेतलं, परक्यांच्या बायका उठवून बसवल्या... आणि मागच्या सीटला टेप लावलीच नाही! कारण मागे कोण बसणार? मागे मीच बसणार. माझं माप कोण घेतं? मीच घेत नाही! हे ओढताहेत, टायवाला ओढतोय, धाकटीचा लेक धावत आला तोही ओढतोय, आणि सासूबाई वॉकरला टेकून, दारात वाकून... नाही, वाकायची बंदी आहे, उभ्यानंच... म्हणतात, "बसायचं काय गं सूनबाई, बसेल कुणीही. उठता येतं का?"

आणि खिडकीतून आवाज आला. आधी कुणाला कळेना कसला. चार महिने जिच्या तोंडातून श्वासाशिवाय काही आलं नव्हतं, ती धाकटी... हसत होती! खदखदून! तोंड वाकडं झालंय तिचं, तरी त्या वाकड्या तोंडानं हसत होती आणि माझ्याकडे बोट दाखवत होती!

तो डबाच घेतला आम्ही. दुसरं काय घेणार? आता दर रविवारी जातो. डॉक्टर म्हणाले होते थोडेच दिवस, धाकटीनं अजून तरी डॉक्टरांचं ऐकलेलं नाही. मी ह्यांना म्हटलं, पुढची सीट दोन खाचा पुढे घेऊ, तेवढ्यानं त्यांना काही होत नाही, मी मोजलंय. तर सासूबाई म्हणतात, "खबरदार!" आणि तिथे पोचलं, हे मला ओढायला आले, की वॉकर आडवा घालतात. "थांब रे, इतक्यात उठवू नकोस तिला. धाकटीला अजून चष्मा लावायचाय."

मग काय... बसते. बसायचं काय हो, बसेल कुणीही.